खीर थुंकता येत नाही

१६ एप्रिल २०२५, चाकण

पप्पा,

जय भीम. फोन नाही उचललात तरी जय भीमला उलट जय भीम म्हणावंच लागतं, हे तुमचंच शिकवणं. मनातल्या मनात म्हणा, मला चालेल.

पत्र लिहितेय कारण माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय. म्हणजे बुद्धरत्न दादाने करून दिला असणार, तुम्हाला ते कुठे येतंय. पण कागद आला की तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही, भेळेचा पुडासुद्धा उलगडून वाचता. म्हणून कागद. पंचवीस किलोमीटरवरून पोस्टाने. पोस्टातली बाई म्हणाली, "पिंपरीलाच ना? बसने जाऊन देऊन आलीस तर लवकर पोचेल." मी म्हटलं, मॅडम, तिकीट लावा.

परवा जयंतीला मी आले होते. पुतळ्याच्या चौकात, रस्त्याच्या पलीकडे, उसाच्या रसाच्या गाडीपाशी. तुम्ही पांढऱ्या शर्टात पाणी वाटत होतात आणि ओरडत होतात, "रांगेत या, रांगेत या, सगळ्यांना मिळंल!" अगदी कंपनीच्या कँटीनमध्ये ओरडायचात तसंच. तुम्हाला रिटायर होऊन चार वर्षं झाली हे त्या आवाजाला कुणीतरी सांगायला पाहिजे. मी रस्ता ओलांडणारच होते. मग मधून ढोलपथक आलं, त्यात एक एवढीशी मुलगी स्वतःपेक्षा मोठा ढोल बडवत होती, तिच्यामागे मी मोरवाडीपर्यंत गेले. परत आले तर तुम्ही नव्हतात.

खरं सांगू? ढोलपथक नंतर आलं. त्याआधी सिग्नल तीनदा लाल झाला होता.

असो. काम असं आहे की मला आपल्या खिरीचं मोजमाप हवंय. वैशाख पौर्णिमेला विहारात करता ती. मी सध्या चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या एका हॉटेलात आहे. मोठं आहे, चांगलं आहे, कंपन्यांचे परदेशी साहेब उतरतात. मालक खंडूशेठ म्हणून आहेत, इथल्याच जुन्या शेतकरी घराण्यातले, स्वतःच्या शेतात हॉटेल बांधलंय. त्यांना मे महिन्यात एका कंपनीच्या पाहुण्यांना जेवणाच्या शेवटी आपल्या भागातलं, घरातलं काही गोड द्यायचंय. मी म्हटलं, आमच्या घरची खीर आहे. तोंडातून निघून गेलं. आता ती करायला पाहिजे.

आईला विचारलं असतं. ती माझा फोन उचलते, पण तुमचं नाव काढलं की म्हणते कुकरची शिट्टी झाली. दिवसातून किती वेळा भात लावते ती?

मोजमाप तेवढं पाठवा.

साक्षी


२३ एप्रिल

पप्पा,

दादाचा मेसेज आला. "पप्पा विचारतायत, खीर कुणाला घालणार आणि कशाबरोबर." कशाबरोबर! तुम्हाला कँटीनमध्ये ठेवायलाच नको होतं, पोलिसात ठेवायला पाहिजे होतं.

वाईनबरोबर.

लिहिलं एकदाचं. हा कागद फाडायचा असेल तर आधी पूर्ण वाचा, मग फाडा.

दोन वर्षांपूर्वी मी नाशिकहून आले आणि जेवताना सांगितलं की माझं काम द्राक्षांच्या कंपनीत नाही, वाईनच्या कंपनीत आहे, तेव्हा तुम्ही भाकरी तशीच ताटात ठेवली होती. म्हणालात, "मी दर रविवारी लोकांपुढं पाचवं शील म्हणतो, माझ्यामागं शंभर माणसं म्हणतात. आणि माझी पोरगी दारू ओतते." मी म्हणाले, मग माझ्यामागे नका म्हणू. फार शहाणपणा केला. चप्पल घालून निघाले ते तळेगाव, मग परत नाशिक, मग सहा महिने गोवा, मग चाकणला पॅकिंगच्या लाइनवर, आता हे. बारावीनंतर एका जागी सहा महिन्यांच्या वर मी टिकले नाही हे तुम्ही बोलून दाखवायच्या आत मीच लिहिते.

पण एक गोष्ट त्या दिवशी सांगायची राहिली. मी पीत नाही, पप्पा. चाखते आणि थुंकते. खरंच असंच असतं. ग्लास नाकाशी धरायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, आणि स्टीलच्या बादलीत थुंकायचा. सगळे थुंकत नाहीत, काही जण दुपारपर्यंत टेबलाला धरून चालतात, पण मी थुंकते. नाशिकला मला "थुंकी साक्षी" म्हणायचे. दोन वर्षांत एक घोट घशाखाली गेलेला नाही. तुमचं पाचवं शील मी बादलीत का होईना पण सांभाळलंय.

आता तुम्ही म्हणाल, गोडाबरोबर वाईन कशाला. मलाही आधी तसंच वाटायचं. नियम असा आहे की वाईन गोडापेक्षा गोड पाहिजे, नाहीतर ती तोंडात चिंचेसारखी लागते. बासुंदीवर नुसता चहा पिऊन बघा, तसं. म्हणून काही द्राक्षं मुद्दाम उशिरा तोडतात. वेलीवरच सुकू देतात, मनुक्याच्या जवळ जाईपर्यंत, आणि त्यांची वाईन करतात. वास मधासारखा, जर्दाळूसारखा. मी ती तोडणी केलीय, फेब्रुवारीत. माझ्या शेजारच्या ओळीत अंबुबाई म्हणून एक होत्या, कातर चालवत सारखं म्हणायच्या, "ह्यांनी वेळेवर तोडली असती तर खाता तरी आली असती." नंतर एकदा त्यांच्या कातरीत सरडा आला आणि...

सरड्याचं राहू दे. माझी नोकरी इथे तात्पुरती आहे. आत्ता मी बँक्वेटला ताटं उचलते. पण ही जोडी जमली तर खंडूशेठ वाईनचं सगळं काम मला देणार, कायम. काउंटर, कपाट, किल्ली. आयुष्यात पहिल्यांदा मला एका जागी थांबावंसं वाटतंय. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

साक्षी


३० एप्रिल

पप्पा,

चिठ्ठी मिळाली. दादा शिफ्टला जाताना हॉटेलच्या गेटवर देऊन गेला. वॉचमनला म्हणाला, "आत बोलवू नका, उशीर झालाय." हेल्मेटसुद्धा काढलं नाही. त्याला सांगा, वॉचमनने विचारलं, ते कुरियरवाले होते का?

तुमचं अक्षर अजून कँटीनच्या फळ्यावरचंच. "दूध ४० लिटर. आंबेमोहोर कणी अडीच किलो, धुऊन तासभर निथळत. साखर पाच किलो, शेवटी. वेलची मूठभर. मीठ एक चमचा. चारशे लोक." चारशे! तुम्ही आयुष्यात चारशेपेक्षा कमी माणसांची खीर केलीच नाही का? मी मोबाईलवर भागाकार केला, वीसने. मूठभर वेलचीला वीसने कसं भागायचं?

आणि खाली ते एक वाक्य. "थुंकली तर शील मोडत नाही असं भंतेजी म्हणाले. मला पटलेलं नाही."

म्हणजे तुम्ही भंतेजींना विचारलंत. विहारात जाऊन, त्यांच्यासमोर बसून, माझ्या थुंकण्याबद्दल. मी ते दृश्य डोळ्यासमोर आणून भांडी घासायच्या जागी इतकी हसले की सरूबाई म्हणाल्या, "काय गं, लगीन ठरलं का?" आणि मग हसता हसता काहीतरी दुसरंच झालं, ते लिहीत नाही.

खीर केली. दोन लिटरची. पांढरी, गोड, गुळगुळीत. आपली नव्हतीच. चमच्याला चमचा तुमचं मोजमाप, तरी लग्नातली खीर झाली. गोड वाईन लावून बघितली तर दोन गोड माणसं शेजारी बसवल्यासारखं, कुणीच कुणाशी बोलेना. आमचे शेफ जयदीप सर म्हणाले, "छान आहे, पण ही तर कुठेही मिळते. तुझ्या घरची म्हणालीस ना?"

तेव्हा लक्षात आलं तुम्ही काय लिहिलं नाहीत. खाली लागू द्यायची, ते.

तुम्ही विसरला नाहीत. तुम्हाला ते लिहायचं नव्हतं. मी नऊ वर्षांची होते, पौर्णिमेची पहाट, विहाराच्या मागे चुलाणावर टोप, आणि तुम्ही माझ्या हातात तो लांब कालथा देऊन म्हणालात, "खाली लागू द्यायची नाही, बास." आणि मी बर्फाच्या गाडीमागे गेले. लादी ओढताना त्या माणसाच्या हातातून वाफ निघायची, ते बघायला. परत आले तर सगळ्या गल्लीत करपल्याचा वास. चाळीस लिटर. लोक ताटं घेऊन बसलेले. तुम्ही चव घेतलीत, माझ्याकडे बघितलंत, आणि तळ न खरवडता वरची खीर काढत म्हणालात, "धुरावरची खीर आहे, आमच्या गावाकडची पद्धत." गावाकडे कधी कुणी अशी खीर केली नव्हती. पुढच्या वर्षी लोकांनी मागितली, "ती धुराची खीर करा भिमाजी." तेव्हापासून तुम्ही दर वर्षी घड्याळ लावून शेवटची सात मिनिटं कालथा थांबवता.

काल मी सात मिनिटं थांबवला. दोन लिटरला सात मिनिटं, पप्पा! कोळसा. जयदीप सर धावत आले, "अगं ए, अलार्म वाजेल!" आज तीनवर जमलं. वास आला आणि मी किचनमध्ये उभी राहिले ती राहिलेच. कुणीतरी "ट्रे, ट्रे" ओरडत होतं.

साक्षी


६ मे

पप्पा,

काल दादाने फोन केला. त्याच्या स्वतःच्या नंबरवरून, दुपारी, कंपनीच्या पार्किंगमधून. मागे गाड्यांचे हॉर्न तपासत होते, एकामागून एक, त्यामुळे आमचं बोलणं असं झालं:

"पौर्णिमेला ये म्हणालेत."

"कोण?"

"कोण म्हणजे? आणखी कोण म्हणणार?"

"काय म्हणाले नक्की? शब्द सांग."

"म्हणाले, पाचही शीलं सांभाळली असतील तर कालथा तिच्याच हातात देईन. नसतील तर लांबून पाया पडून जावं."

"असं म्हणाले? लांबून?"

"साक्षे, मी कॅलिटीवाला आहे, पोस्टमन नाही. ये गुपचूप. आई चार दिवस झाले तुझी गादी उन्हात टाकतीय."

मग हॉर्न. मग कट.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. काल ब्रेकमध्ये उगीच म्हाळुंग्यापर्यंत चालत गेले आणि चालत आले. रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या घेऊन जाणारे ते लांबलचक ट्रेलर उभे होते, ट्रॅफिक हललंच नाही, एका ट्रेलरवर वरच्या गाडीच्या टपावर कावळा बसला होता, चाकणपासून तसाच आला असणार. गाडी कुठल्या गावाला जाणार त्याला माहीत नाही, आणि तो आपला निवांत. मला त्याचा राग आला. कावळ्याचा!

कारण सांगते. शुक्रवारी चाचणी आहे. खंडूशेठ आणि जयदीप सरांसमोर खीर आणि वाईन एकत्र चाखून मी सांगायचं, जमतंय का. एकत्र म्हणजे एका तोंडात. आधी खीर, ती तोंडात असतानाच वर घोट. तेव्हाच कळतं, वेगवेगळं चाखून कळत नाही. आणि मग थुंकायचं.

वाईन मी थुंकते, दोन वर्षं थुंकतेय, त्यात काही नाही. पण पप्पा, त्या बादलीत खीर कशी थुंकू? चीज थुंकलंय, चॉकलेट थुंकलंय, एकदा कुणाच्या तरी लग्नाचा केक थुंकलाय. सरावाला मी काल एकटीने करून बघितलं. चमचाभर खीर घेतली, घोट न घेता नुसतीच, आणि बादलीवर वाकले. दाताला दात लागले. उघडेचनात. पोटात गेली ती शेवटी. मागच्या वर्षीही तुम्ही तिची पहिली वाटी बुद्धमूर्तीपुढे ठेवली असणार, आणि मी ती थुंकायला निघाले.

थुंकली तर खीर जाते. गिळली तर शील जातं. भंतेजींना हे विचारा ना. नको, राहू दे, विचारू नका. शंभर माणसांना कळेल.

मी येते पौर्णिमेला. बहुतेक.

साक्षी


१० मे, शनिवार

पप्पा,

हे पत्र सरळ लिहायचं ठरवलंय, मध्ये कुठेही न जाता.

काल दुपारी चाचणी झाली. छोट्या हॉलमध्ये. खंडूशेठ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते स्वतः घेत नाहीत, गळ्यात माळ आहे, म्हणून सगळं माझ्या जिभेवर. म्हणाले, "हे बघ पोरी, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. गोऱ्या सायबानं बोटं चाटली पाहिजेत, बास. तू व्हय म्हणलीस की व्हय." जयदीप सर वही घेऊन उभे. टेबलावर तुमची खीर, कोमट, तीन मिनिटं लागलेली. ग्लासात ती उशिराच्या द्राक्षांची, थंड. आणि बादली.

चमचा घेतला. वर घोट घेतला.

कसं सांगू. त्या वाईनमध्ये एक जागा रिकामी असते, मधाच्या मागे, ती नेहमी मला खटकायची, तिथे काय पाहिजे ते कळायचं नाही. धूर पाहिजे होता. आणि आपल्या खिरीत शेवटी जीभ थोडी कोरडी पडते ना, करपल्यामुळे, तिथे ती द्राक्षं येऊन बसली. दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी झालं. मी शाळेत हुशार नव्हते, कुठलाच कोर्स पुरा केला नाही, पण हे मला कळतं, पप्पा. एवढं एकच मला कळतं. पूर्ण जमलं होतं.

आणि मी बादलीकडे बघितलं, आणि गिळलं.

मुद्दाम नाही. चुकूनही नाही. दोन्ही नाही. तोंडात तुमची खीर होती आणि मी ती कुणाच्या समोर थुंकणार नव्हते, एवढंच.

खंडूशेठ म्हणाले, "काय म्हणतीस?"

मी म्हणाले, "नाही जमत."

"न्हाई?"

"आंबट पडते. खीर कडू लागते. या खिरीबरोबर कुठलीच वाईन जाणार नाही."

जयदीप सरांनी स्वतः चाखलं. आणखी एक चमचा घेतला. मग म्हणाले, "मला तर फार सुंदर लागतंय." मी म्हटलं, सर, मी नाहीच म्हणेन. त्यांनी वाकून बादलीत बघितलं. कोरडी होती. माझ्याकडे बघितलं, परत बादलीकडे, आणि वही मिटून म्हणाले, "शेठ, पोरगी नाही म्हणतीय तर नाही. गुलाबजाम करू." खंडूशेठ टोपी डोक्यावर घालत म्हणाले, "मंग एवढे दिवस दूध कशाला जाळलं गं?" ते हसत म्हणाले, पण वाईनच्या कामाला आता पुण्याहून एक शिकलेला मुलगा घेणार आहेत. आज सकाळी कळलं. मी ताटं उचलायला आहेच.

मी असं का बोलले ते मला रात्रभर नीट सांगता येत नव्हतं. आत्ता येतंय. ती जोडी खरी होती, मी सांगितली असती तर त्या पाहुण्यांना आवडली असती, माझ्या हातात किल्ली आली असती. पण मग ती खीर दर आठवड्याला त्या ग्लासाशेजारी बसली असती, मेनूवर नाव छापून. आणि तुम्ही विहारात वाढताना कुणीतरी म्हणालं असतं, ही तीच ना, हॉटेलवाली. माझ्या पोटात एक घोट गेला तो माझा. तुमचा टोप त्यात ओढायचा नव्हता.

तर हिशोब नको, नुसतं सांगते. पाचवं मोडलं. आणि ते मोडल्यावर पाच मिनिटांत चौथं मोडलं, खोटं बोलले, तेही ज्या एका गोष्टीत मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते तिच्यात. घोटाचं मला तेवढं वाईट वाटत नाही, खोट्याचं वाटतं. जे उत्तम होतं त्याला मी वाईट म्हटलं. सरांच्या तोंडावर.

हे तुम्हाला न सांगता येऊ शकले असते. त्या बादलीत तुमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही. दादा म्हणालाच होता, ये गुपचूप. मी पहाटे आले असते, तुम्ही विचारलं असतं, "सांभाळली?" मी हो म्हणाले असते आणि कालथा घेतला असता. चाळीस लिटर, शेवटपर्यंत ढवळलं असतं. पण मग तेही खोटंच ढवळलं असतं.

म्हणून लिहितेय. सोमवारी मी येणार. विहारात शेवटच्या रांगेत बसेन आणि सगळ्यांबरोबर पाचही परत घेईन, मोठ्याने. ती घेताना कुणाला अडवता येत नाही, तुम्हालाही नाही, तुम्ही नुसते पुढे म्हणणार. कालथ्याचं तुम्ही ठरवा. लांबून पाया पडून जा म्हणालात तर जाईन. रागाने नाही जाणार या वेळी. संध्याकाळी आईला फोन करेन, कुकर असो नसो.

आत्ता पाकीट चिकटवायला पोस्टात आले तर शटर अर्धं खाली. ती बाई म्हणाली, "आज निघणार नाही गं. उद्या रविवार, परवा बुद्धपौर्णिमेची सुट्टी. मंगळवारी जाईल." मंगळवारी तुम्हाला हे मिळून काय उपयोग? तेव्हा मी तिच्याकडून पाकीट परत घेतलंय. हा शेवटचा भाग तिच्याच बाकावर बसून लिहितेय, ती किल्ल्या वाजवत उभी आहे.

म्हणजे हे मलाच घेऊन यावं लागणार. सोमवारी पहाटेच्या पहिल्या बसने. दार तुम्हीच उघडता, मला माहितीय. काही बोलू नका, मीही बोलणार नाही, हे फक्त हातात देईन. आत जाऊन चष्मा लावा आणि सगळं वाचा. तोवर मी उंबऱ्याच्या बाहेर उभी आहे. या वेळी कुठेही जात नाही.

साक्षी